विटाळ कुणी केला?

दोस्तहो, आधीच सांगून टाकतो. हा लेख बायांच्या बाळंतपणावर आहे. हा काय आपल्या अंकाचा विषय झाला, असं ज्याला वाटत असेल त्यानं पान उलटावं. पुढं कविता आहेत. कवितेत सूर्य असतो, ज्वालामुखी असतो, रक्ताच्या नद्या असतात. इथं तसलं काही नाही. इथं नळाचं पाणी आहे, त्या पाण्यात मिसळलेला गू आहे, आणि आठव्या महिन्यात मेलेली माझी वहिनी आहे.

२०१७ सालचा एप्रिल. वस्तीत जयंतीची वर्गणी चालू. मी पावतीपुस्तक घेऊन गल्लीबोळ तुडवत होतो. घरी वहिनीला अन्न नकोसं झालेलं. काही खाल्लं की बाहेर. आई म्हणाली, पित्त असेल. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं तिच्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "पोटुशी बाई आहे, उलटी होणारच. लिंबू चोखा." तीन दिवसांनी डोळे हळदीसारखे. लघवी कोऱ्या चहासारखी. तेव्हा आई घाबरली आणि तिला घेऊन गेली. कुठं, तर माळवाल्याकडं.

माळवाला तुम्हाला माहीत आहे. प्रत्येक वस्तीच्या आसपास एक असतोच. बारीक काड्यांची, सैल गाठींची माळ तो डोक्यावर ठेवतो. गाठी सुटत जातात तशी माळ लांबते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून पोटापर्यंत. हा म्हणतो, बघा, कावीळ उतरली. त्या माळेत चार दिवस गेले. मी काय करत होतो? मी डीजेवाल्याशी घासाघीस करत होतो. हेही छापा.

पाचव्या दिवशी वहिनी झोपेतून उठेना. मला 'भावजी' म्हणणारी बाई माझ्याकडं भिंतीकडं बघावं तशी बघायला लागली. मग पळापळ. पहिल्या दवाखान्यानं सांगितलं, वर न्या. वरच्यानं सांगितलं, खाट नाही, आणखी वर न्या. आमच्या माणसाला मरेपर्यंत वरच जायचं असतं. शेवटच्या ठिकाणी घेतलं. तिथल्या शिकाऊ डॉक्टर पोरींनी जीव तोडून काम केलं, खोटं बोलणार नाही. पण बाळ पोटातच गेलेलं. ते बाहेर काढल्यावर वहिनीचं रक्त थांबेना. लिव्हर बंद पडलं की रक्त गोठायचंही थांबतं, हे मला त्या रात्री कळलं. १७ तारखेला पहाटे ती गेली. जयंतीच्या मांडवाचे बांबू अजून सोडले नव्हते.

माझा भाऊ, दादा, गटार साफ करतो. कंत्राटावर. बांबूच्या पट्ट्या घालून चोकअप काढतो, नाहीच निघालं तर उतरतो. त्या पहाटे एका मोठ्या डॉक्टरनं कागद भरता भरता विचारलं, काम काय करता. दादानं सांगितलं. डॉक्टर मान वर न करता म्हणाला, "मग तुम्हीच आणलंय घरी. हात तरी धुता का तुम्ही लोक?"

बस, एवढंच. बोलला आणि गेला. त्याला आठवतही नसेल. दादा मात्र तेव्हापासून हात धुतोय. कामावरून आला की आधी मोरीत. साबण, मग डेटॉल, मग पुन्हा साबण. कातडी सोलून निघाली आहे. बाळाला आणि बायकोला आपण मारलं असं तो धरून बसलाय, आणि आमच्या घरात हे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

हा लेख दादासाठी आहे. त्यानं तिला मारलं नाही. कुणी मारलं ते सांगतो. त्यासाठी मी बरंच वाचलं, डॉक्टर मित्रांचं डोकं खाल्लं. आपल्यातली काही पोरं आता डॉक्टर झाली आहेत, बाबासाहेबांची कृपा.

कावीळ हा रोग नाही, खूण आहे. लिव्हर बिघडलं की अंग पिवळं पडतं. बिघडवणारे विषाणू वेगवेगळे, त्यांना अ, ब, क, ड, ई अशी अक्षरं दिली आहेत. ब आणि क रक्तातून जातात. अ आणि ई गुवातून पाण्यात आणि पाण्यातून तोंडात. अ ची कावीळ बहुतेक लहानपणीच होऊन जाते. वहिनीला झाली ती ई.

या ई चा इतिहास आपल्याच देशातला आहे. १९५५ च्या पावसाळ्यानंतर दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादला, जिथून राजधानीचं पिण्याचं पाणी उचलतात तिथं, उलटं येऊन मिसळलं. पाणीखात्याच्या माणसांनी क्लोरीन वाढवलं, तुरटी वाढवली. त्यामुळं टायफॉईड वाढला नाही, हगवण वाढली नाही. साहेब लोक खूश. काही आठवड्यांनी डिसेंबर-जानेवारीत कावीळ फुटली. २९,३०० माणसं पिवळी पडली. हे मोजून लिहिलेलं आहे. क्लोरीनचा वास आला म्हणजे पाणी शुद्ध, असं जो इंजिनियर तुम्हाला सांगेल त्याला दिल्लीचं १९५५ साल सांगा. आणि त्याही साथीत दिसलं होतं, की इतरांना ही कावीळ येऊन जाते, पोटुशा बाया मात्र मरतात.

तेव्हा समजूत अशी होती की ही अ चीच कावीळ. पण त्या साथीतलं रक्त जपून ठेवलेलं होतं. पुढं पुण्याच्या विषाणू संस्थेतल्या श्रीनिवासन, खोरशेद पावरी वगैरे मंडळींनी अमेरिकन संशोधकांबरोबर दिल्लीचं आणि अहमदाबादच्या साथीतलं रक्त तपासलं आणि १९८० साली सांगितलं, ही अ नाही, ब पण नाही. कुणी तिसराच आहे. त्याच सुमारास काश्मीरात १९७८ पासून साथीवर साथ येत होती. तिथं डॉ. मोहम्मद सुलतान खुरू गावोगाव फिरून माणसं मोजत होते. त्या साथींत सुमारे ५२ हजार लोकांना कावीळ झाली, सुमारे १७०० मेले. १९८३ साली मिखाईल बालायान नावाच्या सोव्हिएत विषाणूतज्ज्ञानं अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या शौचाचा अर्क स्वतः प्यायला. हो, प्यायला. छत्तिसाव्या दिवशी आजारी पडला आणि स्वतःच्या शौचात विषाणू शोधला. १९९० च्या सुमारास त्याला ई हे अक्षर मिळालं.

आता खुरूंचे आकडे नीट वाचा. त्या साथीतल्या गावांमध्ये २०८ गरोदर बाया मोजल्या. ३६ जणींना कावीळ. गरोदर नसलेल्या ३३५० बाया मोजल्या, त्यांतल्या ७१ जणींना. म्हणजे शंभरात सतरा आणि शंभरात दोन. पाणी तेच, गाव तेच. त्या ३६ मधल्या आठ जणींचं लिव्हर पार कोसळलं. गरोदर नसलेल्या ७१ मध्ये एकीचंही नाही.

आणि दिल्लीच्या एका मोठ्या सरकारी इस्पितळातला अभ्यास, २००७ साली छापलेला. कावीळ घेऊन आलेल्या २२० गरोदर बाया. साठ टक्के बायांना ई. ई वाल्यांतल्या शंभरात ४१ मेल्या. दुसऱ्या विषाणूंच्या काविळीत शंभरात ७. इस्पितळात पोचणाऱ्या बाया आधीच अत्यवस्थ असतात, म्हणून आकडा मोठा दिसतो, हे धरलं तरी ४१ आणि ७ मधलं अंतर कुठं जात नाही. बाळाचं विचारू नका. पोटात मरतं, नाहीतर दिवस भरायच्या आत जन्मतं, आणि विषाणू आईकडून बाळात उतरलेला असला तर तेही पिवळं, अंग गार, रक्तातली साखर उतरलेली.

पोटुशीच का मरते? शेवटच्या तीन महिन्यांत का? हार्मोन बदलतात, पोटातलं मूल परकं मानून शरीरानं त्याच्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्तीची घडी बदलते, शिवाय आपल्या बाया अर्धपोटी. असं बरंच सांगतात. पुरतं उत्तर विज्ञानाकडं अजून नाही. युरोपात या विषाणूचा दुसरा प्रकार आहे, डुकराच्या कच्च्या मांसातून जातो, तो पोटुशीला असा मारत नाही. इजिप्तमध्ये लोकांच्या रक्तात ई च्या खुणा भरपूर, पण तिथंही बायांचे असे मुडदे पडत नाहीत. मग इथंच का? हा प्रश्न पन्नास वर्षं टेबलावर आहे. साहेबांच्या बायका यानं मरत असत्या तर एवढी वर्षं तो टेबलावर राहिला असता का, ते तुम्हीच ठरवा.

दादा, आता तुझा मुद्दा. ऐक. हा विषाणू माणसाकडून माणसाला फार कमी जातो. घरात एकाला झाला म्हणून घरातल्या सगळ्यांना होत नाही, हे साथींच्या अभ्यासात परत परत दिसलंय. तो पाण्यातून येतो. पुण्यातल्या संशोधकांनी २००३ साली गटारात काम करणाऱ्या कामगारांचं रक्त तपासून छापलं. निम्म्याहून जास्त कामगारांच्या रक्तात या विषाणूच्या जुन्या खुणा. इतर लोकांत पाचात एकाच्या आसपास. म्हणजे काय? तुझ्या अंगात तो कधीतरी येऊन गेला असेल, तू तापात चार दिवस पडून पुन्हा कामावर गेला असशील. ते गटाराचं तुझ्यावरचं कर्ज. पण वहिनीला तू दिलं नाहीस. त्या एप्रिलमध्ये आमच्या लायनीवर घरटी एक तरी पिवळा डोळा होता. मागच्या गल्लीतली सहाव्या महिन्याची बाई वाचली, तिचं मूल गेलं. रस्त्याच्या पलीकडं दुसरी लाईन आहे, दुसऱ्या टाकीची. तिथं कुणाला काही नाही. तिथंही गटारवाले राहतात की! त्यांचे हात काय सोन्याचे?

फरक हाताचा नाही. फरक पाइपचा आहे.

पाइपचं शास्त्र सोपं आहे, आणि ते आपल्या प्रत्येक पोराला पाठ पाहिजे. वस्तीत पाणी चोवीस तास नसतं. दिवसाआड पाऊण तास. बाकीचा वेळ पाइप रिकामा. आमची लाईन गटारातून जाते. गटाराजवळून नव्हे, गटारातून, कारण वस्ती आधी बसली आणि पाइप मागून, मिळेल त्या वाटेनं आला. जुना लोखंडी पाइप, गंजलेला, जागोजाग रबर गुंडाळलेला. पाणी चालू असतं तेव्हा आतला दाब गटाराला बाहेर ठेवतो. पाणी बंद झालं की पाइप आतून ओढतो, तोंडानं नळी चोखावी तसा, आणि बाहेरचं काळं पाणी भोकातून आत. त्यात कुणी मोटर लावली की विचारूच नका. दुसऱ्या दिवशी नळ आला की पहिली पाच मिनिटं जे येतं ते गटार. आमच्या बाया ते रंगावरून ओळखतात, पहिला हंडा ओततात. पण पाऊण तासाच्या पाण्यात तिसरी बाई रांगेत ओरडत असते, किती ओतणार?

फेब्रुवारीच्या शेवटी रस्ता खोदताना ठेकेदाराच्या मशीननं आमची लाईन तोडली होती. आठ दिवस तशीच. शेजारी गटार तुंबलेलं. वस्तीनं अर्ज दिला, त्याची पोच माझ्याकडं आहे. मग कुणीतरी येऊन रबर गुंडाळून गेलं. आणि वहिनीला पहिली उलटी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. हिशोब करा. पाण्यातून विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत कितीही लागतात. सरासरी चाळीस दिवस. कुणी खून करावा आणि मढं चाळीस दिवसांनी पडावं, असला हा प्रकार. तोवर रबर लागलेलं असतं. नळाला स्वच्छ पाणी. वहिनी गेल्यावर साहेब आले, बाटलीत पाणी घेतलं, काचेच्या नळीत थेंब टाकून पिवळा रंग दाखवला. हीच ती ओटी टेस्ट. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. साहेब म्हणाले, "पाणी एकदम चांगलं आहे, बघा, पिवळं झालं." ते पिवळं बघून आई तिथंच खाली बसली.

आमच्याच गावाचं दुखणं आहे असं समजू नका. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत, यंत्रमागाच्या गावात, हीच कावीळ आली. हजारो आजारी, माणसं मेली. पंचगंगेत सोडलेल्या सांडपाण्यावरून किती बैठका, किती पाहण्या! मुंबईत तर वर्षानुवर्षं नियमच असा होता की ठरावीक तारखेनंतर बसलेल्या झोपडीला नळ नाही. २०१४ साली उच्च न्यायालयानं सांगितलं की झोपडी बेकायदेशीर असली तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. २०२२ साली 'सर्वांसाठी पाणी' असं धोरण आलं. धोरण कागदावर चोवीस तास वाहतं. ज्या वस्तीला हक्काचा नळ नाही ती नळी जोडून पाणी आणते, ती नळी गटारातून येते, मग म्हणायचं चोरटे लोक, घाणेरडे लोक.

घाणेरडे. या शब्दापाशी जरा थांबू. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि आपले आजे-पणजे ओंजळभर पाणी प्यायले. तळं बाटलं! मग सवर्णांनी ते शुद्ध कसं केलं? १०८ घागरी पाणी उपसलं, त्यात शेण-गोमूत्र, दूध-दही मिसळून मंत्र म्हणून परत तळ्यात ओतलं. शेण पाण्यात घातलं की पाणी शुद्ध, आणि माणसाची ओंजळ लागली की अशुद्ध. ज्यांच्या बापजाद्यांचं पाण्याचं शास्त्र हे, त्यांची पोरं आज पाणीखात्यात बसून आम्हाला स्वच्छता शिकवतात. बाईला महिन्याला विटाळ, बाळंतिणीला विटाळ, महाराच्या सावलीला विटाळ. आणि पिण्याच्या पाइपमध्ये सगळ्या शहराचा गू शिरतो, त्याला काय म्हणतात? त्याला 'तांत्रिक अडचण' म्हणतात.

विटाळ आम्ही केला नाही. विटाळ आमच्या पोटात सोडला गेला.

याचा अर्थ विषाणूला जात कळते असा नाही. वरच्या इमारतीत फुटका पाइप गेला तर तिथलीही बाई मरेल. पण तिथं फुटका पाइप आठ दिवस राहत नाही. २०२४ साली पुण्यात झिका निघाला, एरंडवण्यासारख्या भल्या वस्तीत. डासातून येणारा विषाणू, पोटुशीला झाला तर बाळाचं डोकं लहान राहू शकतं, ब्राझीलनं २०१५ साली ते बघितलंय. लगेच फवारणी, घरोघर पाहणी, गरोदर बायांचं रक्त विषाणू संस्थेत. झालंच पाहिजे. त्यात कुठल्याही बाईचं वाईट नको. रुबेलाची लस पोरांना शाळेत दिली, तेही चांगलंच, पुढच्या पिढीचं बाळ आंधळं-बहिरं होणार नाही. माझं म्हणणं एवढंच की गरोदर बाईचं रक्त बाहेर काढायला सरकारचे हात चालतात, हे दिसलंय. गरोदरपणाच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्ही बघतात, ब कावीळ बघतात. ई च्या वाटेला कुणी जात नाही. ती झाल्यावर खास औषध नाही, म्हणून तपासून काय करायचं, असं एक जण म्हणाला. अरे, एक बाई पिवळी सापडली की तिच्या लायनीवरच्या बाकी पोटुशा बायांचं पाणी त्याच दिवशी तोडून टँकर लावता येतो!

आणि लस. हे वाचल्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. २००१ पासून नेपाळमध्ये एका लसीची चाचणी झाली. पैसा अमेरिकन लष्कराचा आणि एका बड्या औषध कंपनीचा. टोचली कुणाला? नेपाळी लष्करातल्या दोन हजार जवानांना, जवळजवळ सगळे पुरुष. मरतात पोटुशा बाया, लस टोचली जवानांना. बरं, लागू पडली. २००७ साली निकाल छापला, तीन डोस घेतलेल्यांत ९५ टक्के बचाव. मग कुठं गेली ती लस? कपाटात. बाजारात कधी आलीच नाही. ज्यांना ती पाहिजे त्यांच्या खिशात दमडी नाही, याहून वेगळं कारण मला दिसत नाही. गोऱ्या सैनिकांना तिसऱ्या जगातल्या पाण्यापासून वाचवायला निघाले होते, आमच्या बायांना नव्हे.

चीननं स्वतःची लस केली. जिआंगसू प्रांतात एक लाखाहून जास्त माणसांवर तपासली, २०११ साली परवानगी दिली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली म्हटलं, सरसकट नको, साथीत विचार करा, गरोदर बायांचाही विचार करा. विचार चालला सात वर्षं. २०२२ साली दक्षिण सुदानमध्ये बेंटियूच्या विस्थापितांच्या छावणीत पहिल्यांदा साथ रोखायला ती वापरली, गरोदर बायांनाही दिली. आपल्या सरकारी लसींच्या यादीत ती नाही. गरोदर बायांवर पुरेशी तपासलेली नाही, असं कारण देतात. तपासलेली नाही म्हणून द्यायची नाही, आणि द्यायची नाही म्हणून तपासायची नाही. या गोल रिंगणात बाई मरते. लस मिळाली म्हणून पाइपचं भांडण सोडायचं नाही हे मलाही कळतं. उद्या हेच लोक लस टोचून गटार तसंच पाजतील.

डॉक्टर सांगतात, पाणी उकळून प्या. बरोबर आहे, उकळलं की हा विषाणू मरतो. ज्याला जमेल त्यानं पोटुशीपुरतं तरी उकळाच, आजपासून. पण हा सल्ला देणाऱ्यानं एकदा गॅसच्या टाकीचा भाव बघून बोलावं. आणि उकळणार कोण? चारला उठून पाणी भरणारी तीच, आठव्या महिन्याची तीच, तीन घरची धुणीभांडी करणारी तीच. नगरपालिकेचं काम तिच्या चुलीवर ढकलून द्यायचं आणि मेली तर म्हणायचं, उकळलं नसेल.

मेल्यावरही तिचं गणित बघा. बाळंतपणातल्या मृत्यूंच्या नोंदीत दोन खण असतात. रक्तस्राव, झटके, जंतुदोष हे 'प्रत्यक्ष' कारण. कावीळ 'अप्रत्यक्ष'. वहिनी अप्रत्यक्ष मेली. तिच्या दाखल्यावर लिव्हर निकामी झालं असं आहे. पाइपचा उल्लेख नाही, ठेकेदाराचा नाही, आठ दिवसांचा नाही.

आता आपल्याकडं येऊ. वस्तीत तीन गट आहेत, पाच झेंडे आहेत, सात अध्यक्ष आहेत. पुतळ्याला कुणी चिखल लावला तर अर्ध्या तासात शहर बंद. ती आग मला मान्य आहे, मीही दगड उचललेत. पण फेब्रुवारीत लाईन तुटली तेव्हा आठ दिवसांत एक अध्यक्ष गटारापाशी आला नाही. बाळंतपण, पाळी, गर्भपिशवी म्हटलं की आपली क्रांतिकारक पोरं माना खाली घालतात, बायांचं बायांनी बघावं. महाडला पाण्यासाठी माणसं डोकी फोडून घेऊन आली. आपल्याला नळाच्या पाण्यासाठी वाकून पाइप बघायची लाज वाटते. आणि माळवाल्याच्या दारात रांग कुणाची असते? बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांची. माझ्याच घराची.

तेव्हा हे पाठ करा. पोटुशी बाई, डोळे पिवळे किंवा लघवी गडद, उलट्या, अन्न नको: त्याच दिवशी मोठं इस्पितळ. झोपाळू झाली, बरळायला लागली, तर एक तासही नाही. माळ नाही, नाकात थेंब नाही, मनगटावर डाग नाही. आणि दोन दिवसांत एका लायनीवर तीन पिवळे डोळे दिसले तर तो योगायोग नाही. चाळीस दिवस मागं जाऊन कुठं खोदलं होतं ते शोधा.

आम्ही शोधायला सुरुवात केली आहे. चार पोरं आणि मागच्या गल्लीतली ती बाई, जिचं मूल गेलं. तिला सगळ्यात जास्त माहीत आहे, ती दोनशे पानी वही घेऊन फिरते. टाकीपासून आमच्या शेवटच्या नळापर्यंत लाईन चालत गेलो. जिथं जिथं पाइप गटारात बुडालाय तिथं भिंतीवर लाल खूण केली. वस्तीत आज किती बाया पोटुशा आहेत, कोण कितव्या महिन्यात, कुणाचा नळ कुठल्या लायनीवर, सगळं वहीत आहे. दादा पण येतो आता. कुठलं चोकअप कुठं फुगतं हे त्याच्याइतकं इंजिनियरलाही माहीत नाही. परवा त्यानं हात गटारात घालून आम्हाला सांधा दाखवला, मग घरी जाऊन एकदाच धुतला. मी मोजत होतो.

येत्या सोमवारी वही, अर्जाची पोच आणि नकाशा घेऊन मुख्याधिकाऱ्याकडं जायचंय. येताना प्रत्येकानं एक बाटली आणा. रविवारी पहाटे पाणी येईल तेव्हा पहिल्या पाच मिनिटांचं भरा, झाकण लावा, कागदावर गल्ली आणि वेळ लिहून चिकटवा. साहेबांच्या टेबलावर ठेवायच्यात. तहान लागली तर त्यांनी त्यातलंच प्यावं. जमायचं सकाळी अकरा वाजता, पाण्याच्या टाकीखाली.